पर्सनली नोन टू मी

उभ्या द्रोणागिरी वसाहतीत कुणावरही विश्वास न ठेवण्याचं काम एकच माणूस एकहाती सांभाळतो, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. या काकांची सगळी नोकरी जासईच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर गेली. सील तपासायचं, नंबर लिहायचा. आत काय आहे ते कागद म्हणेल ते. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. कुरियर घेताना ते सहीखाली 'खोका मिळाला, आतलं पाहिलेलं नाही' असं लिहून देतात. आमच्या सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊन 'शिरा आहे म्हणता?' असं विचारतात. सोसायटीचे सेक्रेटरी या नात्याने एकदा त्यांनी 'लिफ्ट बंद असल्याचे समजते' अशी नोटीस लावली. त्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकले होते ते स्वतःच.

आणि अशा माणसाकडे माझ्या मुलीचं, मनूचं, पत्र अडकलं. बंगळुरूच्या पहिल्या नोकरीसाठी सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीचा दाखला हवा होता, त्यात 'पर्सनली नोन टू मी' हे शब्द हवेच होते, आणि सोमवारपर्यंत तो गेला नाही तर जागा दुसऱ्याला. मी मजकूर टाइप करूनच घेऊन गेलो. काकांनी नेमकं त्याच शब्दांवर बोट ठेवलं.

"हे खोटं आहे."

"अहो काका, जन्मल्यापासून बघताय तिला!"

"बघतो. जाता-येता. ओळखतो कुठे? लोक हे 'आपला नम्र'सारखं ठोकून देतात. मी सही करणार तर ते खरं पाहिजे. पाठवा तिला संध्याकाळी."

तीन संध्याकाळी मनू खाली आणि मी वर चरफडत. पोरीच्या नोकरीचा प्रश्न, आणि हा गृहस्थ उलटतपासणी घेतोय!

"काय विचारतात गं एवढं?"

"काय नाय बाबा. कशाला घाबरतेस, शेवटचं खोटं कोणाशी बोललीस, असलं. मग मीपण त्यांना विचारते."

रविवारी दुपारी काका स्वतः वर आले. पत्रात शब्द जागच्या जागी होते, खाली ठसठशीत सही. "हे हिच्याबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल काही मागायला येऊ नका."

मनूला नोकरी लागली, ती गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, मंगळवारी काकांकडे जात जा ना. काकू मंगळवारी गेल्या. त्या दिवशी त्यांना घर खायला उठतं."

काकूंना मी खांदा दिला होता. वार माझ्या लक्षात नव्हता. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

आता दर मंगळवारी मी खाली जातो. सेफ्टी डोअरच्या जाळीतून प्रश्न येतो, "काय काम काढलंत?"

"काही नाही, सहज."

"सहज?" त्यांचा माझ्यावर काडीचाही विश्वास बसत नाही. आत ओट्यावर मात्र दोन कप आधीच काढून ठेवलेले असतात.