स्वतः बांधावं की ठेक्यावर द्यावं

घर न बांधता त्या घरात सात वर्षं राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे झाशीतले आमचे शेजारचे काका. आमची आणि त्यांची कंपनीची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. काका कंपनीत तपासणीला होते. आलेला माल ठोकायचा, मोजायचा, उजेडाकडे धरायचा आणि नापास झाला की त्यावर लाल रंगाची फुली मारायची, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं फुल्या मारून माणसाचं काय होतं ते मी रोज बघत होते. आमच्याकडे चहाला आले तरी कप आधी उजेडाकडे जायचा. एकदा माझ्या पुरणपोळीच्या कडेपर्यंत पुरण पोचलं नव्हतं, तर म्हणाले, "चव उत्तम, पण माल कडेला कमी पडलाय." त्या दिवशी मी त्यांना दुसरी पोळी वाढलीच नाही.

काकांनी गावाबाहेर चिरगाँवच्या रस्त्याला एक प्लॉट घेतला होता. प्रश्न एकच होता. घर स्वतः उभं राहून बांधायचं, की ठेकेदाराला देऊन मोकळं व्हायचं? हा प्रश्न त्यांनी विचारला नाही असा माणूस झाशीत शोधून सापडला नसता. दाताच्या डॉक्टरला विचारला, तोही स्वतःचा दात उपटला जात असताना! एका लग्नात तर मुलीच्या वडिलांना विचारला, ते बिचारे तेव्हा रडत होते. एक ठेकेदार घरी आला आणि म्हणाला, "बाबूजी, आप तो बस गृहप्रवेश के दिन चाबी ले लेना." तो गेल्यावर काका मला म्हणाले, "किल्ली मिळेल हो, पण भिंतीच्या पोटात काय घातलंय ते मला कोण सांगणार?" मग स्वतःच बांधा की, मी म्हटलं. त्यावर त्यांचा चेहरा पडला. "आणि माझं काम कोण तपासणार?"

तोवर सात वर्षं दर रविवारी काका-काकू स्कूटरवरून प्लॉटवर जायचे, आणि बरेचदा मागून आम्हीही. काका जमिनीवर चुन्याची फक्की मारून अख्खं घर आखायचे, खऱ्या मापाचं. इथे बैठक, इथे देवघर, इथे ओटा. आखून झालं की काकू स्वयंपाकघरात चटई टाकून बसायच्या आणि डब्यातला चिवडा वाढायच्या. मी एकदा सरळ त्यांच्याकडे चालत गेले तर काका ओरडले, "अहो, भिंतीतून काय येता? दार तिकडे आहे!" मी गुपचूप मागे फिरून दारातून आले, वर चपलाही काढल्या. पुढच्या रविवारी काकांना देवघर दोन वीत सरकवावंसं वाटायचं, की जुनी फक्की पायाने पुसून नवं घर सुरू. काकू चटई उचलून नव्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ दोन भाड्याच्या खोल्या घेतल्या तेव्हा कुठे काकांनी ठरवलं, स्वतःच बांधायचं. टहरौली गावचा एक मिस्त्री मिळाला, शांत माणूस. काकांनी विटांच्या दोन गाड्या परत पाठवल्या, वीट वाजवून आवाज खणखणीत नाही म्हणून. खोदलेला पाया दोनदा बुजवून पुन्हा खोदायला लावला. मिस्त्रीने एवढंच विचारलं, "बाबूजी, मकान बनाउने है कि नापतई रैने है?" घर बांधायचंय की नुसतं मोजतच राहायचंय, असा त्याचा सवाल. पण काम चाललं. स्वयंपाकघराची भिंत कमरेएवढी आली. त्या दिवशी काकांनी कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि पांढरे पडले. भिंत अर्धा इंच तिरकी! ते गेले तसेच रंगाचा डबा घेऊन आले आणि ओल्या भिंतीवर ही मोठी लाल फुली मारली. "तोडो."

मिस्त्री हळूच म्हणाला, "बाबूजी, डोरी तो आपइ ने बाँधी ती."

खरंच होतं ते. उत्साहाच्या भरात भिंतीची ओळ धरायची दोरी काकांनी कुणाला बांधू दिली नव्हती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचाच माल नापास झाला होता. ते स्कूटरवर बसले आणि निघून आले. मिस्त्री गव्हाच्या कापणीला गावी गेला, त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तीन महिने भिंत तशीच उभी. पुण्याहून मुलाचा फोन येऊ लागला, "बाबा, विकून टाका ना, इथे फ्लॅट तयार आहे." गिऱ्हाईकसुद्धा मिळालं. ते प्लॉट बघायला येणार होतं त्या सकाळी मीही बरोबर गेले.

काकू त्या अर्ध्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. काका म्हणाले, "चल, ते लोक येतील आता." काकू हलल्या नाहीत. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मी नाही येत. लग्न झाल्यापासून पाच क्वार्टरं झाली, आता भाड्याच्या खोल्या, उद्या मुलाचा फ्लॅट. भिंतीला खिळा मारायचा तर तोही विचारून! अहो, मला सरळ भिंत कुणी मागितली होती? तिरकी असू दे, पडकी असू दे, माझी असू दे." आणि त्या रडायलाच लागल्या. मग काकांनी खिशातून मोबाइल काढून टहरौलीला मिस्त्रीला लावला. "आ जाओ भैया," ते म्हणाले, "दीवार नहीं तोड़नी है." पलीकडचा बहुधा काही विचारत होता, कारण काका एकदम चिडून म्हणाले, "हाँ हाँ, टेढ़ी है! हमें मालूम है!"

पुढे आमची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तर घरावर छत आलं होतं, पण ना दारं ना खिडक्या. तरी दोघं राहायला आले होते. काकूंनी चहा केला. काका प्रत्येक खोलीतून मला हिंडवत होते आणि त्यांच्याने ती अर्ध्या इंचाची चूक सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. काकू मागून म्हणत होत्या, "पुरे हो, किती कौतुक त्या चुकीचं." मी हसत होते. उघड सांगते, मला हेवा वाटला. आता मी तिसऱ्या गावात आहे, चौथ्या क्वार्टरात. खोल्या छान आहेत, भिंती अगदी सरळ. संध्याकाळी दिवे लागले की मी काकूंना फोन करते, काय करताय विचारते, आणि त्या दर वेळी सांगतात, "काही नाही गं, घरात बसलेय."