उचलत्या पुलावर सिस्टर आत्या

एखादी गोष्ट समोर आली की आत्याचा आधी खालचा ओठ बाहेर यायचा आणि मग शब्द यायचे, "हे काय?" त्यानंतर ती गोष्ट काही वाचत नसे. लग्नातली जिलबी, शेजारणीचा नवा सोफा, भाच्याचे दहावीचे मार्क, कशालाच सूट नव्हती. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत, तर वाटणाऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "तांदूळ अजून कच्चाय. घाई काय होती?" आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे करायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलंस म्हणून विचारलं तर "बघितले होते दोन-तीन. हॅ!" एवढंच उत्तर मिळायचं. कळव्याच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, त्यामुळे दिवा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि मी सिस्टर आत्या. माझी आई लवकर गेली, वडील नोकरीपायी गावोगाव फिरत, म्हणून मी तिच्याकडे वाढलो. माझं अक्षर, माझे मित्र, माझा भांग, माझी पहिली नोकरी, सगळं तिनं एकामागून एक नापास केलं. डबा मात्र रोज पहाटे उठून करायची आणि देताना म्हणायची, "तुला कुठे चव कळते, पण घे."

सुट्टीच्या दिवशी ती मला काहीतरी बघायला न्यायची, आणि तेही चालत. "रिक्षानं गेलास तर रिक्षावाल्याची मान बघून परत येशील," असं तिचं मत होतं. कल्याणला उतरून खाडीकाठच्या किल्ल्यापर्यंत आम्ही कितीदा चालत गेलो असू. फूटपाथ होता तिथे फळवाले, फळवाले नव्हते तिथे मोटारसायकली, आणि दोन्ही नसतील तिथे खणून ठेवलेला खड्डा. आत्या प्रत्येकाची वेगळी बिनपाण्यानं करत चालायची. दरवाजाशी पोचल्यावर कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि म्हणायची, "एवढ्याशासाठी लढले होय?" मग मला दगडावर बसवून तीच सांगायची, की इथे गलबतं लागायची, इथे जकात घ्यायचे, सांजेला हा दरवाजा लागला की बाहेरचा बाहेर आणि आतला आत. दरवाजाकडे पाठ करून मोबाइल वर धरलेली माणसं दिसली की तिचं माथं फिरायचं. एकदा तिनं एका अख्ख्या कुटुंबाला विचारलं होतं, "अहो, त्याला पाठ दाखवायला आलात का इथपर्यंत?"

कळव्याहून ठाण्याला जाणारा जुना दगडी पूल तिनं ड्यूटीनंतर बाजाराला जाताना वर्षानुवर्षं पायी तुडवला होता. शेजारी नवा झाला, त्याला तिनं कधी पूल म्हटलंच नाही. "तो रस्ताच आहे, जरा उंच केलाय." जुन्याचं कौतुक करायची म्हणावं, तर तेही नाही. "साहेब लोकांनी बांधला म्हणून आपण वाखाणायचा? पावसात चप्पल घसरते." आता हेरिटेज वॉक नावाचं खूळ निघालंय. एकसारख्या टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या आणि पुढे माइक लावून बोलणारा उत्साही इसम. ज्या वाटेनं आत्या भाजीची पिशवी घेऊन जायची, त्या वाटेवर हे लोक दर दहा पावलांनी उसासे टाकतात. तिनं त्यांचं काय केलं असतं ते मी लिहीत नाही.

पण तिची खरी वाट म्हणजे दिव्याचं रेल्वे फाटक. ते कायम बंद असायचं, आणि त्याच्या खालून वाकून पलीकडे जाणं ही आमच्याकडची रीतच होती. आत्या फाटकाशी उभी राहून वाकणाऱ्यांना शिव्या घालायची. "मरतील एक दिवस! अक्कल नाही मेल्यांना!" असं म्हणता म्हणता ती स्वतःच वाकायची. एका हातात पदर आणि पर्स, दुसऱ्या हातात माझी कॉलर, आधी डावीकडे नजर, मग उजवीकडे, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मागच्यांना शिव्या. यात काही विसंगत आहे असं तिला वाटत नसे, आणि मलाही खूप मोठा होईपर्यंत वाटलं नाही.

पुढे मी नोकरीसाठी नेदरलँड्सला गेलो आणि ती निवृत्त झाल्यावर तिला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. विमानतळावरच तिचा खालचा ओठ बाहेर आला. ब्रेड थंड, भाजीला वास नाही, माणसं दारं उघडी टाकल्यासारखी बिनपडद्याच्या खिडक्यांमागे बसलेली. "लाज नाही का यांना? जेवताना दिसतात!" मी सुखात होतो. एवढ्या दूरच्या, इतक्या नीटनेटक्या देशात कुणीतरी मला दिवसभर बोल लावत होतं, यापेक्षा घर म्हणजे आणखी काय असतं?

फक्त एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती. मी तिथे घर घेत होतो. म्हणजे दिव्याला परत येणार नव्हतो. हे तिला स्वयंपाकघरात उभं राहून सांगण्यापेक्षा चालताना सांगावं, म्हणून एका रविवारी मी तिला गावाची जुनी वेस आणि कालव्यावरचे उचलते पूल दाखवायला नेलं. पायीच, अर्थात.

वेशीला विटांचे दोन टोकदार मनोरे होते. आत्यानं कमरेवर हात ठेवले. "आतही तेच, बाहेरही तेच. मग ही वेस अडवते कोणाला?" एक बाई कुत्र्याला घेऊन वेशीतून गेली. "कुत्रं बघ, तेसुद्धा बोअर झालंय," आत्या म्हणाली. मला वाटलं, आता सांगावं. पण ती पुढे निघाली होती.

पहिला पूल लाकडी होता, पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर दोन मोठे दांडे असलेला. आम्ही जवळ पोचलो आणि घंटा वाजू लागली, लाल दिवा लागला, आडवा दांडा खाली आला. दोन्हीकडे माणसं थांबली. सायकलवाले एक पाय टेकून उभे राहिले. कुणी हूं नाही की चूं नाही. मी आत्याकडे वळलो, तर ती जागेवर नव्हती. ती दांड्याखालून वाकून केव्हाच पुलावर गेली होती आणि पुलाच्या मधोमध उभी राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघत होती. गाडी कुठल्या बाजूनं येतेय ते बघत होती! गाडी नव्हती. पाण्यात एक छोटी बोट होती आणि तिच्यात बसलेलं एक म्हातारं जोडपं कप हातात धरून तिच्याकडे टक लावून बघत होतं.

पुलाच्या माणसानं केबिनमधून धाव घेतली आणि तो हातवारे करत ओरडू लागला. आत्या त्याला शांतपणे मराठीत म्हणाली, "ओरडू नका हो, लालेलाल झालायत. बीपी तपासून घ्या." मी तिला हाताला धरून परत आणलं. मग पूल वर गेला, बोट गेली, पूल खाली आला. सगळं होईपर्यंत आत्या बघत राहिली. "एका होडीसाठी रस्ता उचलतात! आणि ही एवढी माणसं मुकाट उभी! कामधंदे नाहीत यांना?" मी इतका हसलो की कठड्याला धरून उभं राहावं लागलं, आणि त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मी इथे घर घेतोय."

माणसं पूल ओलांडून गेली. "लांब आहे का इथून?" तिनं विचारलं. मी तिला घर दाखवायला नेलं. अरुंद, तीन मजली, रांगेतलं घर. ती अवघड जिन्यावरून दोन्ही हातांनी धरत वर गेली, सगळ्या खोल्या बघून जिन्याकडे तोंड करूनच खाली उतरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "छान आहे."

"आत्या, नीट सांग ना."

"सांगितलं की. छान आहे. उजेड चांगला येतो."

हा आवाज मला ठाऊक होता. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी ती याच आवाजात बोलायची, गोड आणि बेताचं. परक्यांसाठी राखून ठेवलेला तो आवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर वापरला होता. उरलेले दिवस ब्रेडही छान होता आणि हवाही छान होती. परत गेल्यावर फोनवरही तेच. "मी बरी आहे. तू बरा आहेस ना? छान." शेजारच्या कुंदाताईंना फोन केला तर त्या वैतागून म्हणायच्या, "सिस्टरना काय झालंय? परवा माझ्या पुरणपोळीला चपाती म्हणाल्या!" मला त्या पुरणपोळीचा हेवा वाटायचा. घर घ्यायला तिची परवानगी नको होती मला. मला फक्त तिनं त्या घराला नावं ठेवायला हवी होती.

मागच्या उन्हाळ्यात कुंदाताईंनी कळवलं की तिचं हृदय थकलंय आणि ती दवाखान्यात जायला तयार नाही. "तिथे काय करतात ते मला माहीत आहे," असं तिनं डॉक्टरलाच सुनावलं होतं. मी आलो. ती पलंगावर होती, अगदी एवढीशी झालेली. "प्रवास नीट झाला का? दमला असशील, बस," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं. पुढेही ते तसंच चाललं. मी चहा केला तर "छान झालाय." मी उशी बदलली तर "थँक्यू." दिव्याचं पाणी नेहमीसारखं तासभर यायचं. ते आलं की मी मोरीत बादल्या भरत बसायचो आणि तिच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही.

एका दुपारी तशाच बादल्या भरत असताना तिचा आवाज आला. "तो जिना."

"कुठला गं?"

"तुझ्या घराचा. तो जिना आहे? भिंतीला शिडी टेकवलीय. कठडा एकाच बाजूला. हातात कप घेऊन माणसानं वर कसं जायचं रे?"

मी मोरीतून बाहेर आलो. तिचे डोळे मिटलेले होते, पण खालचा ओठ बाहेर आला होता.

"न्हाणीघर खाली, झोपायची खोली वर. म्हातारपणी काय रांगत येणारेस? घेताना डोळे उघडे नव्हते का? नुसत्या विटा बघून भुललास." तिनं दम घेतला. "आणि स्वयंपाकघर! हॅ! दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा?"

मी पलंगाशी खाली बसलो आणि तिच्या हातावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो.

"रडतोस काय मेल्या? बादली भरून वाहतेय तिकडे. एवढंही येत नाही तुला?"

त्यानंतर आठवडाभरानं ती गेली. तोवर माझ्या घरातली एकही खोली तिनं सोडली नव्हती.