भिंतीवरचा कागद

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री करायचा. औषधशास्त्र शिकायला म्हणून त्यानं बँकेचं कर्ज काढलं होतं. पण पहिल्याच वर्षी वडील गेले आणि कॉलेज सुटलं. कर्ज मात्र अंगावर राहिलं. अकरा वर्षं त्या गरम वाफेत उभा राहून तो हप्ते फेडत होता. आईला एवढंच ठाऊक होतं, की लेक शिकला आणि इस्पितळात औषधं देतो. नवरा गेल्याचं दुःख तिला पुरे होतं. त्यात हे सांगायला त्याची जीभ कधी रेटली नाही.

शेवटचा हप्ता भरला, तेव्हा बँकेनं कर्ज फिटल्याचा कागद दिला. कागद घरी टेबलावर ठेवून तो कामाला गेला. संध्याकाळी येऊन बघतो, तर कागद काचेच्या चौकटीत, वडिलांच्या फोटोशेजारी! आईला वाचता येत नव्हतं. गोल शिक्का बघून तिला वाटलं, लेकाची पदवीच ही.

“अरे गुलामा, इतकी वर्षं कुठं दडवली होतीस? वाच बघू मोठ्यानं. तुझ्या बापालाही ऐकू दे.”

त्यानं घसा खाकरला. आधी स्वतःचं नाव वाचलं. तेवढं खरं होतं. मग जी वर्षं तो शिकलाच नाही, त्यांचे विषय एकेक करून सांगत गेला. आई हातानं काच पुसत ऐकत राहिली.

“बाई गं, एवढं सगळं शिकलास,” ती म्हणाली, “आणि घरात कधी एका शब्दानं बोलला नाहीस!”