साडूंचा दसरा आणि माझे बारमाही टायर

माणसाला चेहऱ्याऐवजी टायरवरून ओळखणारे गृहस्थ जगात एकच असतील, आणि ते माझ्या वाट्याला साडू म्हणून आले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आमच्या कितीतरी आधी जर्मनीतल्या बॉबलिंगेनला येऊन राहिले. घरी पाहुणे आले की ताई वर दारात "या, या" म्हणत असतात आणि साडू खाली पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाडीपाशी उकिडवे बसून टायरच्या खाचेत एक युरोचं नाणं घालून बघत असतात. नाण्याची सोनेरी कड खाचेत बुडाली नाही, म्हणजे टायर झिजलेला निघाला, की त्या पाहुण्याला जेवताना दुसऱ्या पुरीचा आग्रह होत नाही. एकदा सुपरमार्केटबाहेर त्यांनी हा प्रयोग अनोळखी गाडीवर केला. गाडीचा मालक सामान घेऊन आला, भडकला, आणि मग स्वतःच शेजारी उकिडवा बसला. साडूंची मुलगी आपल्या गाडीत मागच्या सीटवर तोंड लपवून "पापा, बिटे!" अशी विनवणी करत राहिली आणि इकडे मैत्री जमली. तो जर्मन गृहस्थ आता दर उन्हाळ्यात आपल्या झाडाची आलुबुखारं त्यांच्या घरी पोचवतो.

इथे ऑक्टोबरात गाड्यांना बर्फात न घसरणारी हिवाळी चाकं चढतात आणि आपला दसराही त्याच सुमाराला येतो. हा योगायोग आहे हे साडूंना मान्य नाही. "खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात ना? मग टॉर्क रेंच काय भाजी चिरायला आहे?" असं ते विचारतात. दसऱ्याच्या जवळचा शनिवार ते पकडतात, कारण इथे रविवारी आवाज करायचा नसतो; खटखट केली की शेजारच्या आजी पडदा सारून बघतात. मग आमची आणि त्यांची सगळी हिवाळी चाकं त्यांच्या केलरमधून, म्हणजे तळघरातून, वर येतात, अंगणात ओळीने मांडली जातात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडू वाहिला जातो, आणि मग साडू एकटे ती चढवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. एका वसंतात गॅरेजमधल्या माणसाने रिमवरचं कुंकू गंज समजून खरवडायला घेतलं, तेव्हा साडूंनी त्याला नवरात्रापासून सगळं समजावून सांगितलं होतं.

माझं म्हणाल तर मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि ऑफिसात संगणकावर चाकांच्या चाचण्या घेतो. माझ्या पडद्यावरचं चाक आजवर कधी निखळलेलं नाही. खऱ्या चाकाशी मात्र माझा संबंध बोल्टांची वाटी धरून उभं राहण्यापुरता. साडू हात पुढे करणार, मी बोल्ट देणार. त्यातही दोनदा मी हळदीची वाटी पुढे केली आहे.

यंदा उन्हाळ्यात साडूंची कंबर गेली. चाक सोडाच, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेटही उचलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. ताई फोनवर म्हणाल्या, "ह्यांनी चाक उचललं तर कंबर कायमची जाईल, आणि नाही उचललं तर हेच खचतील. काय करायचं तुम्हीच सांगा."

मी घरी बसून एक थोर उपाय काढला. माझे उन्हाळी टायर नाहीतरी झिजले होते. बाराही महिने चालणारे घेतले की चाकं बदलायचा प्रश्नच मिटला! यात साडूंच्या कमरेची काळजी होतीच, पण माझ्या आळसाला इतकं सात्त्विक कारण पूर्वी कधी मिळालं नव्हतं. बारमाही टायरबद्दल साडूंचं मत मला ठाऊक होतं: "लग्नात, देवळात आणि बाथरूममध्ये एकच चप्पल घालता का हो?" म्हणून मी गुपचूप दुकानाचा सोमवारचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, घेतला आणि बायकोला शपथ घातली.

शनिवारी आम्ही गेलो तर अंगण रिकामं. साडू कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते, पूजेचं ताट मांडीवर.

"चाकं कुठायत, भाऊ?" मी विचारलं.

"केलरमध्ये. राहू देत तिथेच. सोमवारी टेर्मिन आहे ना तुमचा?"

सख्ख्या बहिणींमध्ये शपथेला किती किंमत असते हे मला तेव्हा कळलं. मी ओरडा खायच्या तयारीत उभा राहिलो.

"घ्या बारमाही," ते म्हणाले. "डोंगर आणि बर्फाची चांदणी असलेला शिक्का तेवढा बघून घ्या. नाहीतर हिवाळ्यात दंड व्हायचा."

"आणि दसरा?"

"या की दसऱ्याला. श्रीखंडाला टायर लागत नाहीत."

ते हसले, पण चपलेचा विषय काढला नाही. वाद न घालणारे साडू मी प्रथमच बघत होतो आणि ताई म्हणाल्या तसे ते खचत चालले आहेत हे मला दिसलं. टेर्मिन रद्द करतो असं तिथेच सांगून मी केलरमध्ये उतरलो.

पहिलं चाक कसंबसं वर आणलं, तर ते माझ्या हातून सुटून शेजारच्या आजींच्या कुंपणात जाऊन बसलं. "अहो, ते चाक आहे! सोडलं की जाणारच ते!" मागून आवाज आला. बरं वाटलं. मग मी बोल्ट सैल न करताच माझी गाडी जॅकवर चढवली आणि साडूंना जुना सूर सापडला. "आधी बोल्ट! मग जॅक! कुठल्या कॉलेजचे हो तुम्ही?" माझं कॉलेज, माझी कंपनी, माझी पाठ वाकवायची पद्धत, सगळं त्यांनी एकेक करून उद्धारलं. पडदा सारून आजी बघत होत्या, वार शनिवार असूनही. मी घामाघूम झालो होतो, आणि इतक्या शिव्या इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी खाल्ल्या नव्हत्या.

शेवटचा बोल्ट पुरता आवळला गेला आणि टॉर्क रेंच 'कट्' वाजला. साडूंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि मान डोलावली. ताईंनी वरून पानं वाढल्याची हाक दिली. मी हात पुसत निघालो, तर ते जागचे हलले नाहीत. पलीकडे उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे बघत बसले होते.

"माझीही लावाल का?" त्यांनी विचारलं.

हा माणूस इतक्या हळू आवाजात बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे न बघता जॅक उचलला, कारण बघितलं असतं तर दोघांनाही जड गेलं असतं.