सौदामिनीचा पांढरा

लातूरच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलच्या फाटकावर सौदामिनी कंधारकरचा पत्ता विचारला, की वॉचमन शंकरप्पा मागच्या शेडकडे बोट दाखवायचा. "मातीवाली बाई ना? जावा. पण जपून, चावती."

तो फार खोटं बोलत नव्हता. सौदामिनी नांदेडची, शाळामास्तरांची मुलगी, वय त्रेचाळीस. सिरॅमिक्स ती बडोद्याला शिकली. 'हा वाडगा कशासाठी?' असं विचारणाऱ्याला ती सांगते, 'तुमच्यासाठी नाही.'

बरीच वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे आहे: पांढरा रंग. भांडं एकदा भाजायचं, त्यावर ग्लेझ चढवायचं, म्हणजे भट्टीत वितळून ज्याची काच होते तो लेप, आणि पुन्हा भाजायचं. तिच्या ग्लेझमध्ये कथील असतं. खाली मांजरा नदीकाठची काळी माती पातळ करून लावलेली, वर कथलाचा पांढरा. काठाशी पांढरा विरळ होतो तिथे काळी डोकावते.

शेड मिलमालकांच्या मुलाची, रविकिरणची. तो बडोद्याला तिच्याच वर्गात होता. गॅसची भट्टी दोघांनी मिळून बांधली, विटा निम्म्या तिच्या आणि निम्म्या त्याच्या. अर्धी रिकामी भट्टी पेटवली तरी गॅस जवळपास तेवढाच जळतो, म्हणून दोघांचा माल एकत्र लागायचा. डावीकडे ती, उजवीकडे तो. मैत्री केव्हाच संपली होती, संबंध भट्टीपुरता उरला होता. रविकिरण कुंड्या-बरण्या करायचा, डॉक्टरांच्या बंगल्यांवरच्या नावाच्या पाट्या करायचा. ती त्याला 'शेठ' म्हणायची, तो तिला 'पांढरीबाई'.

दोघांत नियम एकच होता. क्रोमचा हिरवा तिच्या मालाबरोबर लावायचा नाही. क्रोम भट्टीत वाफ होऊन उडतं आणि कथलाच्या पांढऱ्यावर बसलं की तो गुलाबी होतो. हे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका गॅलरीने तिला पहिल्यांदा स्वतंत्र प्रदर्शन दिलं. मांडायचे ते फक्त पांढरे वाडगे. त्याच वेळी रविकिरणला एका कोचिंग क्लासचं काम मिळालं: गुणवंतांना वाटायचे कप, त्यावर क्लासचं हिरवं बोधचिन्ह. भट्टी भरली तेव्हा कपांवर वरचा पारदर्शक लेप चढलेला होता. कच्चा असताना तो पिठासारखा दिसतो, खालचा रंग कळत नाही.

"हिरवा कशाचा?" तिने विचारलं.

"तांब्याचा."

"नक्की?"

"आता महादेवाची आन घेऊ का? लाव बिगीनं."

भट्टी उघडली तेव्हा उजवीकडचे कप हिरवेगार होते. डावीकडचे वाडगे कपांकडच्या बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने पांढरे. तांब्याने असं होत नाही. कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

"क्रोम," सौदामिनी म्हणाली.

"क्लासवाल्याला त्योच हिरवा पायजे होता. तारीख तोंडावर आली, काय करू?"

"विचारलं होतं मी."

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतंस? न्हाई ना? आन् वाईट काय दिसायलंय? पुण्यात म्हणायचं, मुद्दामच केलंय."

"तुझ्या खोटेपणाखाली माझं नाव घालू?"

रविकिरणची आई गौरम्मा चहा घेऊन आली होती. तिने एक वाडगा उचलून उन्हात धरला. "रंगच तर आलाय, बाई. लगनाच्या रुखवतात किती शोभंल."

"तुमच्या नातीच्या रुखवतात मांडा, अव्वा. बापाची करणी म्हणून चिठ्ठी लावा."

गौरम्मा चहाचे कप घेऊन परत गेली.

रविकिरणने वाडग्यांचे फोटो परस्पर गॅलरीला पाठवले. तिथल्या बाईंचा फोन आला: गुलाबी विलक्षण आहे, हेच आणा.

"ते माझं नाही," सौदामिनी म्हणाली.

"मग तुमचं काय आहे?"

"ते अजून व्हायचंय."

प्रदर्शन तिनेच रद्द केलं. डोक्यावर पडलीय, असं रविकिरणने मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात ती करवत घेऊन शेडमध्ये आली. भट्टीच्या विटा हलक्या, सच्छिद्र असतात, लाकडासारख्या कापता येतात. त्या गाऱ्याशिवाय नुसत्या रचलेल्या होत्या. ती एकेक उतरवू लागली.

"जागा आमची हाय," रविकिरण म्हणाला.

"ठेव जागा. विटा निम्म्या माझ्या."

"अर्ध्या भट्टीचं काय लोणचं घालणार?"

"लोणचं तू घाल. बरण्या तुलाच जमतात."

"सगळ्या विटा क्रोम प्यायल्यात. कुठंबी ने, पांढरा येणार न्हाई तुझा."

ते खरं होतं. म्हणूनच करवत आणली होती. तोंडाला फडकं बांधून तिने आपल्या वाट्याच्या प्रत्येक विटेची आतली, आगीकडची बाजू कापून काढली. भुकटीने अंगण भरलं.

"बाई, हे कुणी झाडायचं?" शंकरप्पाने विचारलं.

"ते शेठचं आहे."

नांदेडला भावाच्या घरामागे पत्र्याची खोली होती. तिथे तिने त्या कापलेल्या विटांची भट्टी रचली, आधीपेक्षा बरीच लहान. एका वेळी थोडेच वाडगे बसतात. गॅस भागावा म्हणून ती दोन शाळांत चित्रकला शिकवते, आणि तिथेही तिचं कुणाशी पटत नाही. पहिल्या दोन्ही खेपांत वाडग्यांवर गुलाबी झाक आली. तिने भिंती उतरवल्या, विटा पुन्हा कापल्या. भट्टी आणखी लहान झाली.

तिसरी खेप निघाली त्या सकाळी रविकिरण खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. नांदेडच्या एका दवाखान्याची पाटी पोचवायला आला होता. लातूरची अर्धी भट्टी तशीच पडून होती, माल तो आता दुसरीकडून भाजून आणत होता.

"आला का पांढरा?"

"आला."

"बघू तरी दे. कॉलेजपासून नुसतं ऐकायलोय."

सौदामिनीने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत हिरवं होतं.

"आधी हात धू. नळ तिकडे आहे."

रविकिरण हसला, बाह्या सारून नळाकडे गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला तसं तिने दार लावलं आणि आतून कडी घातली.