हिंदुरावांनी टाकलेले टायर

इस्लामपुरात कुणाकडं बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी बनाबाईंना निरोप जायचा. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बाळांना तेल चोळलं, न्हाऊ घातलं. बौद्धवाड्यातली बाई म्हणून सुरुवातीला काही घरांनी त्यांना मागच्या दारानं आत घेतलं. बाळ रडायचं थांबलं की पुढच्या दारापर्यंत पोहोचवायला सगळी यायची. तेलावर बनाबाईंचा फार भरवसा. दाराच्या कडीला तेल, शिलाई मशीनला तेल, भेगाळलेल्या टाचेलाही तेलच.

त्यांचे मालक हिंदुराव कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. जन्मभर दुसऱ्याची गाडी पुसली आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी पांढरी मोटार घेतली. हौसेनं चारही टायर नवे टाकले. त्यानंतर वीस दिवसही झाले नाहीत, एका पहाटे ते उठलेच नाहीत.

मोटार दारात उभी राहिली. लेक दीक्षा तेव्हा सांगलीला नर्सिंग शिकायला गेली होती. बनाबाईंनी गाडीवर ताडपत्री घातली, कुणाला हात लावू दिला नाही. दर रविवारी मात्र ताडपत्री वर करायची, टायर धुवायचे, कोरडे करायचे आणि त्यांच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. हिंदुरावांनी शेवटचं म्हणून विकत आणलेलं काही घरात असेल तर ते हे टायर. काळेभोर, कालच आणल्यासारखे.

तीन वर्षांनी दीक्षाला सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. रोज जाऊन-येऊन करायचं, तेही मोटारीनं, असं तिनं जाहीर केलं. पंधरा दिवस घरात वाद झाला. शेवटी नोकरीच्या आदल्या दिवशी, रविवारी, नवी बॅटरी बसवून गाडी बाहेर निघाली, आणि बनाबाई शेजारच्या सीटवर दरवाजाचा दांडा धरून बसल्या.

"आई, स्टेरिंग थरथरतंय."

"तीन वर्षांनी हाललीया. थरथरंल न्हाई तर काय नाचंल?"

"हसू नको. अल्लाबक्षचाचांना दाखवू या."

अल्लाबक्षचं टायरचं दुकान सांगली रस्त्यावर. हिंदुरावांना ते टायर त्यानंच दिले होते.

"वैनी, आज गाडी भाईर? काय म्हणायचं हे!" तो गुडघ्यावर बसला. "आणि आरशावाणी चमकवल्यात की! कुणी पुसलं?"

"मी. दर रविवारी." बनाबाईंच्या आवाजात जरा तोरा होता.

अल्लाबक्षनं टायरच्या बाजूला अंगठा दाबला. मग नख लावलं. दाबल्याबरोबर रबरात केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. तो दुसऱ्या चाकाकडं गेला, तिसऱ्याकडं गेला. 

"कशानं पुसत हुता?"

"तेलानं. खोबऱ्याच्या."

त्यानं दीक्षाकडं पाहिलं, मग हात पुसत उठला. "उन्हानं झालंय, वैनी. उभ्या गाडीचं टायर जात्यातच."

पण बाळंतिणींची समजूत घालता घालता बनाबाईंनी स्वतः असं दिलाशाचं खोटं कितीतरी वेळा सांगितलं होतं. "भाऊ, खरं सांगा. तेलानं झालं?"

अल्लाबक्ष जमिनीकडं बघत म्हणाला, "आमच्या पोरीला, सबाला, तुमी चोळून पायावर उभी केली. तुमाला मी काय शिकवू? व्हय. रबराला तेल चालत न्हाई. आधी फुगतंय, मग चिरतंय."

बनाबाई चाकाजवळ खाली बसल्या. "खाचा तर बघा, जशाच्या तशा हायत."

"खाचा हायत, बाजू गेली. पळत्या गाडीत फुटला तर पोरीच्या हातात गाडी ऱ्हायची न्हाई."

"एखादा स्टेपनीला तरी ठेवा."

"स्टेपनी लागती ती अडचणीतच, वैनी."

दीक्षा खाली वाकून म्हणाली, "आई, तुला कुठं माहीत होतं?" बनाबाईंनी तिचा हात बाजूला सारला. त्यांना आत्ता कुणी समजूत घातलेली नको होती. तीन वर्षांचे रविवार त्या मनात मोजत होत्या. प्रत्येक रविवारी आपण जपतोय असं वाटलं होतं.

अल्लाबक्षनं दोन कंपन्यांचे टायर आणून उभे केले. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन्ही यंदाचेच होते.

"ह्यो टणक हाय, लय वर्सं जाईल," तो म्हणाला. "हिंदुरावानं तवा असलाच निवडला हुता."

दीक्षा त्याच्यावरच हात ठेवणार होती.

"आणि पावसात कुठला रस्ता धरतो?" बनाबाईंनी विचारलं.

"ह्यो दुसरा. जरा मऊ हाय. पण लवकर झिजंल."

"झिजू द्या," बनाबाई म्हणाल्या.

तासाभरात चाकं बसली. पहिले शंभरेक किलोमीटर दमानं चालव, ब्रेक एकदम दाबू नको, असं अल्लाबक्षनं बजावलं. दीक्षानं दार उघडून धरलं. "चल आई, घरी."

"घरी नको. आत्ताच सांगलीला जाऊन ये."

"आज? एकटी?"

"गाडी दारात आली की मी पुन्हा ताडपत्री घालीन, दीक्षा. जा तू. मी येते चालत."

दीक्षा स्टेरिंगवर बसली. गाडी वळली, उसाच्या ट्रॉलीमागं थोडी रेंगाळली आणि दिसेनाशी झाली. बनाबाई रस्त्याकडं बघत राहिल्या.

मागं अल्लाबक्ष जुन्या टायरवर सुरी चालवत होता. वरून ते नवेच दिसत होते. तसेच ठेवले तर कुणी मागून नेऊन गाडीला घातले असते. टायर हातातून सटकत होता, पातं नीट बसेना.

"वैनी, तुमी जावा. हे बघू नका."

बनाबाईंनी पदर खोचला, त्याच्यासमोर बसल्या आणि टायर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कापा," त्या म्हणाल्या.