चौकोनी संत्रं

सौंसरच्या आसपास कुणाला संत्र्याच्या बगीच्यातला माल झाडावरच विकायचा झाला, की भाव ठरण्याआधी एका माणसाला बोलावणं जायचं. गुणवंताजी घाटोळे. त्यांची स्वतःची सहा एकर जमीन होती, पण लोक त्यांना ओळखत ते त्यांच्या नजरेमुळे. हात पाठीमागे बांधून ते झाडांच्या ओळींतून एक चक्कर मारत. कुठे खोडाला नख लावून पाहत, कुठे वाकून गळलेलं फळ उलटंपालटं करत. मग सांगत, यातला किती माल टिकेल आणि किती जाईल. ते म्हणतील ते विकणारा ऐके आणि घेणाराही ऐके.

शब्द तोंडातून निघेपर्यंत ते कुणाच्या बगीच्यात पाणीसुद्धा घेत नसत. "चहा पोटात गेला का जीभ गोड होते," असं त्यांचं म्हणणं. एकदा तर सख्ख्या साळ्याच्या झाडांना डिंक्या लागलाय, खोडातून डिंक गळतोय, असं त्यांनी व्यापाऱ्यासमोरच सांगितलं. सौदा मोडला आणि त्यांच्या बायकोचं, केसरबाईंचं, माहेर दोन वर्षं तुटलं. केसरबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना त्याच म्हणाल्या, "डिंक्या त होताच ना. मंग?"

अशा माणसाचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

शहाऐंशी सालच्या श्रावणात विहिरीजवळच्या ओल्या बांधावरून गुणवंताजींचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. छिंदवाड्याला जाऊन प्लास्टर केलं. दोन महिने खाटेवर. रानात जन्म गेलेला माणूस, घराच्या भिंती त्यांना खायला उठल्या. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. उंच बांबूवर अँटेना लावलेला, तरी वारा सुटला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. तो दुरुस्त करायला पांढुर्ण्याहून हेमंत आला.

हेमंतचं स्टेशनकडच्या रस्त्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे वडील गुणवंताजींचे शाळेपासूनचे सोबती; चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून हेमंत आला की गुणवंताजी त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. त्या दिवशी बोलता बोलता त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी नाणं टाकून चालणारा खेळ पाहिला होता. काचेच्या आत ठिपके धावतात आणि आपण दांडी हलवायची. त्यापायी तासभर उभे राहिले आणि सौंसरची शेवटची बस चुकली.

"तसाच घरच्या टीव्हीवर चालला तं?" हेमंत म्हणाला. खिशातून कागद काढून त्यानं चित्रच काढलं. वर झाड, झाडावरून पडणारी संत्री, खाली टोपली. "नागपूरचा एक इंजिनिअर बनवून राहिला, काका. संत्रं पडते, आपण टोपलीत झेलाचं. खास आपल्या भागासाठी."

गुणवंताजी त्या कागदाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग सवयीनं म्हणाले, "पहिले आण. मी खेळून पाह्यतो. चांगला असन त पैसेबी देतो आन चार लोकायले सांगतोबी."

हेमंतनं मान हलवली. "नाही काका. पैसे पहिले द्या. सातशे. तुमी देल्ले म्हणजे मले हिंमत येईन. बाबा असते त त्यायलेच मागतलं असतं."

वडिलांचं नाव निघालं आणि गुणवंताजी विरघळले. केसरबाईंना हाक मारून त्यांनी कपाटातून पैसे काढायला लावले.

खेळ यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत गुणवंताजींनी तो सगळ्या सौंसरला सांगितला. भेटायला येणाऱ्यांना सांगितला, कुबडी घेऊन पानठेल्यावर जाऊ लागले तेव्हा तिथे सांगितला. दर वेळी त्यात थोडी भर पडे. आधी नुसतं झाड होतं, मग झाडाला वारा लागला, मग सडकं संत्रं टोपलीत पडलं तर गुण कापले जातील असंही ठरलं. पोस्टमन नत्थूजी रोज डाक वाटून झाली की त्यांच्या ओसरीवर टेकत. दोघे एका गल्लीत वाढलेले. नत्थूजींची बायको गेलेली, दोन्ही मुली सासरी. संध्याकाळी घरी जायचं त्यांच्या जिवावर येई. गुणवंताजी बोलत आणि नत्थूजी डोळे मिटून ऐकत. दोघंही तो खेळ येण्याआधीच खेळून मोकळे झाले होते म्हणा ना.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी हेमंत डबा घेऊन आला. बघायला पंधरा माणसं जमली, नत्थूजी सगळ्यांत पुढे. डब्यावर केशरी कागद चिकटवलेला, त्यावर हातानं लिहिलेलं, 'संत्रा'. टीव्हीच्या मागं वायर जोडली, बटण दाबलं.

पडदा काळा. खाली एक पांढरी आडवी रेघ. वरून एक पांढरा चौकोन टकटक करत खाली आला.

लोक पुढे सरकून पाहू लागले. मग मागून एकानं विचारलं, "संत्रं कुठी हाय?"

"हे काय," गुणवंताजी म्हणाले, "पडून राह्यलं ना!"

"आन झाड?"

"झाड वरतं हाय. ते दिसत नाही. पडद्यात मावत नाही न."

केसरबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. रेघ सरकवायचं बटण त्यांनी फिरवून पाहिलं. दोन चौकोन झेलले, तिसरा रेघेतून आरपार खाली गेला. "अवं, हे टोपलीतून निंगून गेलं. आन संत्रं चौकोनी काहून हाय?"

"दुरून पाह्य. दुरून गोल दिसते."

लोक हसले. गुणवंताजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

पुढचे दिवस ते रोज खेळत. बटण उजवीकडे अडकायचं. ते म्हणत, हात बसायला वेळ लागतो. दहा-बारा चौकोन पडले की पडदा थिजायचा. ते म्हणत, यंत्रालाही विसावा पाहिजे. चौकोन रेघेतून गळून जायचा त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. खऱ्या बगीच्यात का सगळा माल हाती लागतो? खोटं बोलतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. कुणी विचारलं की छातीवर हात ठेवून सांगत, "पैसा वसूल हाय."

गुणवंताजी घाटोळे चांगलं म्हणाले, यापुढे सौंसरमध्ये काय पुरावा हवा होता? सहा जणांनी हेमंतकडे आगाऊ पैसे भरले. सगळ्यांत पहिले नत्थूजींनी.

संक्रांतीच्या सुमाराला सगळ्यांचे डबे आले. आणि एक गंमत झाली, जी फक्त केसरबाईंच्या ध्यानात आली. चुलीपुढे बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "एक पाह्यलं का तुमी? ज्यानं ज्यानं पैसे देल्ले, थो चांगला म्हनते. जे नुसते पाह्याले येते, ते हासते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. साळ्याच्या झाडाचा डिंक्या तुमाले वीस हातावरून दिसला. हे मांडीवर हाय."

गुणवंताजी ताटावरून उठले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, अन्नावरून ते पहिल्यांदा उठले.

होळीच्या आधी नत्थूजी डबा पिशवीत घालून आले. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. त्यांनी डबा ओसरीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "गुणवंता, तू बगीच्यात पाह्यते तसं पाह्य आन सांग. हे कसं हाय?"

गुणवंताजींनी डबा हातात घेतला. तो किती हलका होता! खालचा पत्रा एका खिळ्यावर लटकत होता. केशरी कागदाचा कोपरा सुटला होता आणि त्याखाली दुसरीच छापील अक्षरं दिसत होती. बॅट, बॉल, असं काहीतरी. त्यांना ते दिसलं. आणि दिसूनही ते म्हणाले, "तुया घरच्या लाइनीचा दोष असन. व्होल्टेज कमी-जास्त होते. मी घेऊन जातो पांढुर्ण्याले."

नत्थूजी मान डोलावून गेले.

दुसऱ्या दिवशी गुणवंताजी दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसनं निघाले. वाटेत त्यांनी आपल्या डब्यावरचा कागद नखानं सोलला. खाली तेच, बॅट आणि बॉल.

हेमंत दुकानात नवे डबे खोक्यात भरत होता. या डब्यांवरचा कागद हिरवा होता, त्यावर नावही दुसरंच. काका दिसताच त्यानं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. गुणवंताजी बसले नाहीत.

"इंजिनिअर कोण?" त्यांनी विचारलं.

हेमंतनं सोललेला डबा पाहिला आणि हातातली सुतळी खाली ठेवली. "इंजिनिअर नाही, काका. दिल्लीचा माल हाय. रद्दीतला. नागपूरले ढिगानं भेटते."

"तुले पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग मायापासून पैसे काहून घेतले? मी त तुले म्हनलं होतं, पहिले आण, पाह्यतो, मंग सांगतो."

हेमंतनं खोक्याचं झाकण लावलं. मग त्यानं जे सांगितलं ते अगदी शांतपणे सांगितलं, जसं एखादा कारागीर आपल्या कामाची रीत सांगतो. "म्हणूनच घेतले. फुकट पाहाले देल्ला असता त तुमी दोन मिनिटांत सांगतलं असतं, भंगार हाय म्हणून. तुमची नजर मले ठाऊक हाय, बाबा लय सांगत. पण एकदा पैसे देल्ले का माणूस आपल्या वस्तूले वाईट म्हनत नाही, काका. दुकानात रोज पाह्यतो मी. मले तुमचे सातशे नव्हते पाह्यजे. तुमचं तोंड पाह्यजे होतं."

चहावाला दोन कप ठेवून गेला. रस्त्यावरून कापसाची गाडी चालली होती, तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत गुणवंताजी तसेच उभे होते. आपण या पोराला पाटावर बसवून जेवू घातलं, हे मनात येऊन गेलं. पण आठवत होतं ते दुसरंच. काल संध्याकाळी सुटलेला कागद दिसला होता, आणि तरीही जीभ व्होल्टेजचं नाव घेऊन आली होती. तेव्हा तर हेमंत तिथं नव्हता.

हेमंतनं गल्ला उघडला. "तुमचे घेऊन जा. बाकीच्यायले नोका सांगू."

"माये ठेव," गुणवंताजी म्हणाले. "नत्थूचे दे."

पैसे घेऊन ते निघाले. दोन्ही डबे त्याच्या दुकानातच राहिले.

सौंसरला उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. कुबडी सुटली होती, तरी अजून लंगडत होते. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या शब्दावर पैसे भरले होते, त्यांच्या घरी ते एकेक करून गेले आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "तो खेळ खोटा हाय. मी तुमाले चुकीचं सांगतलं."

त्यांना वाटलं होतं, लोक चिडतील. त्यांतले एक किराणा दुकानवाले चिडलेही. पण धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दोन घरी त्यांचं म्हणणं कुणी मानेचना. कापसाचे दलाल होते, ते तर उलट त्यांचीच समजूत घालू लागले. "तुमचाच डबा खराब निंगाला असन, गुणवंताजी. आमचा मस्त हाय. थोडा हात बसू द्या लागते." आणि त्यांनी बटण फिरवून दाखवलं. चौकोन रेघेतून आरपार गेला, तरी दलाल खुशीत हसले. गुणवंताजींना वाटलं, आपण आरशात बघतोय.

नत्थूजींकडे ते शेवटी गेले. नत्थूजी अंगणात टपालाची पिशवी झटकत होते. गुणवंताजींनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काल सुटलेला कागद दिसला होता, तेही सांगितलं. पैसे पुढे केले.

नत्थूजींनी पैसे घेतले. मग म्हणाले, "हेमंत्याचं मले काही नाही वाटत. थो परका. तू आपल्या साळ्याले तोंडावर खरं सांगतलं. मलेच काहून नाही?"

गुणवंताजी लंगडत घराकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून नत्थूजी ओसरीवर टेकेनासे झाले. टपाल असलं की हातात देत, "सही करा," म्हणत, आणि सायकल ढकलत पुढे जात. गुणवंताजींना त्यांनी 'करा' म्हणावं, हे केसरबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं टोचलं नाही. फक्त त्या संध्याकाळी टीव्ही लावला नाही.

बगीचे पाहायला बोलावणं येतच राहिलं. लोक अशा गोष्टी विसरतात, किंवा त्यांना वाटतं, खेळण्याचं काय एवढं. पण गुणवंताजींचं काम मंदावलं. पूर्वी एक चक्कर पुरायची, आता ते दोन मारत. खोडाजवळ थांबत, पुढे जात, परत येऊन तेच खोड पाहत. डोळ्यांना दिसत होतं ते पूर्वीइतकंच. त्यावर भरवसा ठेवायला मात्र वेळ लागे. व्यापारी घड्याळ बघत उभे राहत. हेमंतनं वर्षभरात पांढुर्ण्याचं दुकान आवरलं. कुणी म्हणे मुलताईला गेला, कुणी म्हणे इटारसीला. गुणवंताजींनी चौकशी केली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नत्थूजी निवृत्त झाले आणि थोरल्या मुलीकडे बैतूलला राहायला निघाले. गुणवंताजी बस स्टँडवर गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. ट्रंक टपावर चढवायला हात लावला. नत्थूजी खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा नत्थूजी खिडकीतून वाकले.

"गुणवंता, एक सांगू? मले त पहिल्याच दिशी दिसलं होतं, का हे काही कामाचं नाही."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू चांगलं म्हनला होता न. मले वाटलं, मायाच डोयात दोष असन."

बस हलली. धूळ उडाली, फाटकातून ती पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागली. गुणवंताजी कितीतरी वेळ तिथेच उन्हात उभे राहिले.